सातव्याचा माणूस

दादा, तुझं तेरावं उरकलं आणि त्याच संध्याकाळी तुझ्या लोकांनी तुला जिवंत ठरवलं. मंडळी जेवून गेली होती, मी मोठी पातेली मोरीत टाकत होते, तेवढ्यात सरखेलबाबू आले. लेकवर, तळ्याकाठी, सकाळी तुझ्याबरोबर फिरायला असायचे तेच. हातात रजनीगंधा आणि संदेश मिठाईचा डबा. मला वाटलं, उशिरा का होईना, समाचाराला आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे बघून हसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दिदी, ए सोब तो लोक देखानो. दादा जाननि. ओनाके शोरिये राखा होयेछे." म्हणजे हार, फोटो, जेवण हे सगळं लोकांना दाखवण्यापुरतं. तू गेलेला नाहीस, तुला सुरक्षित जागी हलवलंय, आणि पडदा उठला की तू परत येणार आहेस.

मी विचारलं, "मग घाटावर विद्युतदाहिनीत आम्ही कोणाला सोडून आलो?"

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "शे तो आपनि भालोइ जानेन." ते तुम्हाला चांगलंच ठाऊक आहे, म्हणाले. म्हणजे मीही कटात सामील. आयुष्यभर मुलींना रसायनशास्त्र शिकवलं, परीक्षेत कॉपी पकडली एवढंच काय ते माझं हेरकाम, आणि म्हातारपणी ही बढती मिळाली. सरखेलबाबूंना मी घालवलं. संदेश ठेवून घेतले. चांगले होते, खोटं कशाला बोलू.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या म्हणून मागे लागलेत. तू बंदरात किती वर्षं काढलीस, गणपतीत नाटकं कशी बसवलीस, कलकत्त्यात जन्मून मराठी कशी जपलीस, हे सगळं त्यांना हवंय. ते कोणीही लिहील. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि तुला अंगावर आलं की उठून जायची खोड होतीच. या वेळी जरा लांब गेलास.

मंडळातल्या बायका मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, हा सातवा म्हणजे नक्की कोण हो? मी सांगते, मला माहीत नाही आणि दादालाही माहीत नव्हतं. फोनवरच्या एका चॅनेलवर तो याच नावाने एकेक ओळ टाकतो, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. "तीन दीये बुझेंगे, चौथा मत गिनो." बस, एवढंच. मग त्याचे हजारो भक्त, स्वतःला 'जागे' म्हणवणारे, दिवसभर त्या ओळीचा कीस काढतात. तीन दिवे म्हणजे तीन मंत्री, की तीन बँका, की तीन इस्पितळं? सगळ्यांचं मिळून एक म्हणणं असतं, की जगात जे वाईट होतं ते काही थोडे लोक ठरवून करतात, सातवा त्यांच्यात राहून आतली खबर देतो, आणि एक दिवस पडदा उठून सगळे उघडे पडणार आहेत. तो दिवस दर महिन्याला पुढे सरकतो. आमच्या शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटनसुद्धा इतक्यांदा पुढे गेलं नव्हतं.

आणि यात तू कसा सापडलास, हे मला विचारतात तेव्हा मात्र मला उत्तर येतं. तू मूर्ख होतास म्हणून नाही. तू तुझ्या कामात फार चोख होतास म्हणून.

जन्मभर तू लाँचमधून गंगेची खोली मोजत फिरलास. हे लोक तुला चॅनेलवर 'पायलटबाबू' म्हणायचे, आणि तू ते चालवून घेतलंस, याचाही मला राग आहे. जहाजं आत आणणारे पायलट वेगळे. तू सर्वेचा माणूस, त्या पायलटांना गाळ कुठे सरकलाय ते सांगणारा. मी शाळेत असताना तू एकदा मला लाँचवर घेऊन गेला होतास. पाण्यात पिंपासारखा लाल बोया डुलत होता, काठावर पांढऱ्या फळ्यांच्या खुणा होत्या, आणि मी विचारलं होतं की यातल्या किती नुसत्याच आहेत. तू म्हणालास, नदीत नुसती खूण नसते. कोणीतरी खाली मोजून बघितलेलं असतं, तेव्हाच ती तिथे येते. कळली नाही तर चूक आपली, खुणेची नाही. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता की वर्गात सगळ्यांना सांगून झालं. बाबा मला बी.एससी.ला पाठवायला तयार नव्हते तेव्हाही तूच आडवा उभा राहिलास, तुझ्या पगारातून माझी पुस्तकं आली. ते मी विसरले नाही. विसरले असते तर इतकं लागलं नसतं.

हीच सवय तू फोनमध्ये नेलीस. खूण दिसली, म्हणजे खाली काहीतरी आहे. कळत नाही, म्हणजे आपण कमी पडतोय. बाकीचे जागे मजेखातर अर्थ लावायचे, तू मात्र कामावर गेल्यासारखा बसायचास, चष्मा पुसून, दाढी करून.

वहिनी गेली नसती तर कदाचित इथवर आलं नसतं. तिला तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात गेली. डॉक्टरांनी तुला सांगितलं, असं होतं कधी कधी. मी तुझ्या शेजारी उभी होते. ते वाक्य तुला पुरलं नाही, मला दिसत होतं. तुझ्यासारख्याला 'असं होतं' चालत नाही, गाळ का आला ते तुला कळायला हवं असतं. मग लेकवर सरखेलबाबू भेटले आणि त्यांच्याकडे 'का' तयार होता, तिला इस्पितळात ठरवून मारलं. माणसाला दुःखात कारण देणाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात. इथपर्यंत मी तुला माफ केलं आहे.

नागपूरच्या मावसबहिणीला आणायला आपण हावड्याला निघालो होतो, ते आठवतं? बाबूघाटावरून लाँच घेतली होती. आदल्या दिवशी सातव्याने टाकलं होतं, "जब नदी उलटी बहेगी, परदा उठेगा." तू सगळ्या वाटेने तेच. सातवा इथलाच आहे, कलकत्त्यातलाच आहे, नदीचं नाव घेतलंय त्याने. आणि लाँच मध्यावर आली तर भरती लागलेली, जलपर्णीचे पुंजके दक्षिणेकडून उत्तरेकडे, समुद्राकडून वर चाललेले. मी तुला खांद्याला धरून फिरवलं. म्हटलं, "दादा, बघ, वाहतेय उलटी. रोज वाहते. तूच शिकवलंस मला. उठला का पडदा?"

शेजारचे दोघे-तिघे बघायला लागले. तू त्या पाण्याकडे बघितलंस, ज्या पाण्याच्या भरती-ओहोटीची वेळ तू झोपेत सांगितली असतीस. आणि मला म्हणालास, "तू शब्दशः घेतेस, हाच तुझा प्रॉब्लेम आहे."

मला हसू आलं होतं रे. खरंच हसू आलं. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

त्यानंतर मी तुझ्याशी नीट वाद घालायचा प्रयत्न केला, शिक्षिकेसारखा. मी म्हटलं, तू बोया ठेवलास आणि जहाज रुतलं, तर तुला बोलावून विचारत की नाही? खात्याचं नाव होतं, तुझी सही होती. या सातव्याची तारीख चुकली तर त्याला कोण विचारतं? तू म्हणालास, "नाव सांगितलं तर त्याला जगू देणार नाहीत." मी म्हटलं, नाव नाही म्हणून त्याला काहीच भोगावं लागत नाही, भोगतोस तू. तू उठून आत गेलास. वाद तिथेच पडून आहे. अजून तुझ्याकडे उत्तर असेल तर द्यावं, असं मला वाटतं.

मग सातव्याने ती ओळ टाकली. "बेटी के हाथ में ताला है."

तुझी मुक्ता न्यू टाउनमध्ये नोकरीला. तिची कंपनी इस्पितळांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बनवते. रोज संध्याकाळी मान अवघडून घरी येणारी पोर, कट करायला तिला वेळ कुठला. पण त्या ओळीवर चॅनेलभर अंदाज सुरू झाले, कोणाची बेटी, कसलं कुलूप, आणि तू, तिचा बाप, तू स्वतः पुढे होऊन लिहिलंस की माझी मुलगी इस्पितळांच्या नोंदी सांभाळते. कशासाठी? मी खूप विचार केला. मला वाटतं, कोडं सुटत नव्हतं आणि उत्तर तुझ्या घरात होतं, एवढंच तुला दिसलं. वर्गात हात वर करणाऱ्या मुलासारखं.

त्यांनी तिचा फोटो शोधून काढला. तिला फोन येऊ लागले, घाणेरड्या शिव्या, तुझ्या आईला काय केलंस विचारणारे. आईला, दादा. तिने नंबर बदलला, काही दिवस माझ्याकडे येऊन राहिली. मी तुला फोन करून म्हटलं, त्यांना थांबव, एक ओळ लिही की माझी मुलगी निर्दोष आहे. तू म्हणालास, "निर्दोष असेल तर घाबरते कशाला?" मी फोन ठेवला. तुला आठवतंय का, ही मुलगी कॉलेजात गेली तरी तू तिच्या ताटातल्या इलिश माशाचे काटे काढून द्यायचास? वहिनी रागवायची, म्हणायची सासरी काय करणार आहे ही. तू म्हणायचास, मी डबा घेऊन जाईन.

संक्रांत आली. मुक्ताने तिळगूळ केला, आपल्या घरचा, नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा, जो कधी नीट थापला जात नाही आणि बोटांना चिकटतो. तिला वाटलं, आज तरी. संक्रांतीला काही झालं तरी तिळगूळ घेतात. आपले बाबा आणि काका कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे होते त्या वर्षीसुद्धा काका आले होते, तिळगूळ देऊन-घेऊन गेले, आणि सोमवारी पुन्हा कोर्टात गेले. मी तिच्याबरोबर तुझ्या दाराशी आले. तू दाराची साखळी काढली नाहीस. फटीतून बघितलंस आणि विचारलंस, "गूळ कुठून आणलास?"

तिला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "बाबा, लेक मार्केटमधून. नेहमीच्या दुकानातून."

तू म्हणालास, "आधी सांग, तू कोणासाठी काम करतेस."

तिने डबा उंबऱ्याशी ठेवला. तू पायाने तो बाहेर सरकवलास आणि दार लावून घेतलंस. लाथ मारली नाहीस, नुसता सरकवलास, वाटेतली वस्तू सरकवतात तसा. संक्रांतीला तिळगूळ नाकारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तो माझाच भाऊ निघाला. मुक्ता जिना उतरेपर्यंत रडली नाही. खाली आल्यावर म्हणाली, "आत्या, बाबांना वाटलं मी त्यात काही घातलंय?" मी डबा उघडला. आम्ही तो तिळगूळ टॅक्सीत बसून खाल्ला, दोघींनी, हट्टाने.

मग तुझं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी गाठ दाखवली, वेळेत आहे, कापून काढू, बरे व्हाल, असं स्पष्ट सांगितलं. मी तुझ्याबरोबर होते. या वेळी 'असं होतं' नव्हतं, कारण होतं, उपाय होता, सगळं तुझ्या मनासारखं होतं. आणि तू जाग्यांना विचारलंस. त्यांनी सांगितलं, पडदा उठेपर्यंत सुरीखाली जाऊ नका, तिथेच तर ते गाठतात. तू थांबलास. मी ओरडले, हात जोडले, जेवण सोडलं, तेही करून पाहिलं. तू माझ्याकडे प्रेमाने बघून म्हणालास, "थोडे दिवस राहिलेत, मग तुला कळेल." ते प्रेम खरं होतं, हेच मला सोसत नाही. शेवटी तुला उचलून इस्पितळात नेलं तेव्हा वेळ निघून गेली होती. मुक्ताने सह्या केल्या. इस्पितळातले सगळे दिवस तिने बाहेरच्या बाकावर काढले, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

तू सारखा फोन मागायचास. मी देत होते, काय करणार. एकदा फोन तुझ्या छातीवर ठेवला आणि म्हटलं, "मुक्ता बाहेर आहे. बोलावू?"

तू वर पंख्याकडे बघत राहिलास. नको म्हणाला नाहीस. हो पण म्हणाला नाहीस. मी पुन्हा विचारलं. तू डोळे मिटलेस, आणि झोपलास की झोपेचं सोंग घेतलंस, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलास. मुखाग्नी मुक्ताने दिला. दाहिनीचं लोखंडी दार खाली आलं तेव्हा तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की काळंनिळं झालं.

आणि मग सरखेलबाबू, आणि तुझं जिवंत असणं. तू गेलास त्यानंतर सातव्याने टाकलं होतं, "जहाज़ डूबा नहीं, मुड़ा है." जहाज म्हटल्यावर पायलटबाबू, दुसरं कोण? आता तू कुठे कुठे दिसतोस. गार्डन रीचच्या धक्क्यावर कोणी तुला पाहिलं, कोणी डायमंड हार्बरला. माझा भाऊ गेला, आणि मला त्याच्यासाठी रडूही देत नाहीत. मी रडले तर म्हणणार, बघा किती छान अभिनय करते.

परवाच्या रविवारी मी मुक्ताकडे गेले. मनात ठरवून गेले होते की पोलिसांत जायचं, चॅनेल बंद करायला लावायचं, तुझा फोटो त्यांच्याकडून काढून घ्यायचा. तिने चहा टाकला. टेबलावर तिचा फोन होता आणि त्यावर ते चॅनेल उघडं होतं. आधी मला वाटलं, पुरावा गोळा करतेय. मग बघितलं, तर एका ओळीवर खूण करून ठेवली होती. "पुराना नाविक घर की बत्ती देख रहा है." खाली जाग्यांनी अर्थ लावलेला. पायलटबाबूंनी मुलीची पारख केली, ती निर्दोष निघाली, बापाने तिला जवळ केलं आहे, तो दुरून तिच्या खिडकीतला दिवा बघतो. ज्यांनी तिला शिव्या घातल्या तेच आता तिला 'हमारी बेटी' म्हणत होते.

मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, "तू इंजिनियर आहेस. अग्नी तू दिलास. तू पण?"

ती चहा गाळत होती. थांबली नाही. म्हणाली, "आत्या, मला माहीत आहे ना. बाबा गेलेत, मला माहीत आहे. मी काही बिलीव्ह नाही करत. मी फक्त वाचते." मग गाळणं बाजूला ठेवून म्हणाली, "तिथे बाबा माझ्यावर रागावलेले नाहीत."

चहा प्यायला. पोलिसांचं बोलणं मी काढलंच नाही.

दादा, ते तू म्हणायचं होतंस. मोठं काही नव्हतं. दाराच्या फटीतून चाललं असतं, फोनवर चाललं असतं, त्या पंख्याकडे बघतसुद्धा चाललं असतं. तू ते काम अशा माणसावर टाकून गेलास ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याने ते केलं, निदान त्याच्या नावाने झालं. तुझ्या मुलीला जे बापाकडून हवं होतं ते तिला एका लबाडाकडून मिळतंय, रोज सकाळी, कामावर जायच्या आधी. मी तिला वाचू नकोस म्हणाले नाही. तू मेला आहेस, हे मी तिला पटवून देऊ शकते, पण ते तिला माहीतच आहे. तू रागावलेला नव्हतास, हे मला तिला सांगता येत नाही, कारण ते तू मला कधी सांगितलंच नाहीस.